वाडा उतरविण्यापूर्वी

मंडईजवळ राहणाऱ्या माणसास पुण्यात आपला पत्ता फोड करून सांगावा लागत नाही. "मंडईच्या मागल्या अंगास" एवढे म्हटले की परगावच्या पाहुण्याचेही समाधान होते. पुढचा बोळ, बोळाच्या तोंडाशी बसणारी पालेभाजीवाली, तिच्या डाव्या हातास असलेला दिंडी दरवाजा, ही सारी पायांनी शोधून काढावयाची ठिकाणे. या दरवाज्यातून मी १९७१ साली माप ओलांडून आत आले. त्यास पन्नासांहून अधिक वर्षे लोटली. येत्या दिवाळीनंतर हा वाडा उतरविण्याचे आता घरात ठरले आहे. 'उतरविणे' हा शब्द आमच्या थोरल्या भाऊजींचा. 'पाडणे' असे म्हणावयास त्यांची जीभ वळत नाही. भिंतीवरची तसबीर पुसण्यासाठी खाली घ्यावी तसे ते वाड्याविषयी बोलतात. आम्हीही कोणी त्यांचा शब्द बदलण्याच्या भरीस पडलो नाही.

पुण्याच्या पेठांतून अशी कितीतरी कुटुंबे आज याच विचारात आहेत. कोठे सह्या झाल्या आहेत, कोठे भावाभावांत दावे चालू आहेत, तर कोठे वाडा पडून गेला असून मालक व बिऱ्हाडकरू रिकाम्या जागेकडे पाहत बसले आहेत. आमच्या घरातील हकीकत त्यांपैकी एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल, निदान आमच्या हातून जे घडले ते त्यांस टाळता येईल, या हेतूने हे लिहिण्याचे योजिले आहे. यात आमच्या घराची शोभा होईल अशी गोष्ट थोडीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

जुने जाऊन नवे येण्याचा प्रसंग या भागावर आजच आला आहे असे मात्र कोणी समजू नये. आपण जिला शुक्रवार पेठ म्हणतो तिचे मूळचे नाव विसापूर. पेशवाईत जिवाजीपंत खासगीवाल्यांनी ही पेठ वसविली. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले, हौद बांधले, तेव्हा या बाजूची वस्ती वाढली. भाजीबाजार त्या वेळी येथे नव्हताच. तो पुढे कित्येक वर्षे शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर भरत असे. तेथून तो उठवून पक्क्या इमारतीत बसवावा असे नगरपालिकेने मनात आणले, तेव्हा त्या सभेतील एक सभासद जोतीराव फुले यांनी त्यास कसून विरोध केला. हा पैसा मुलांच्या शिक्षणाकडे खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. १८८६ च्या ऑक्टोबरात मंडई खुली झाली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. वासुदेव बापूजी कानिटकर यांनी बांधलेली ती टोकदार कमानींची, मधोमध अष्टकोनी मनोरा असलेली काळ्या दगडाची इमारत आज आपण 'जुनी मंडई' म्हणून पाहुण्यांस कौतुकाने दाखवितो. परंतु त्या वेळच्या पुणेकरांच्या दृष्टीने ती परक्या घडणीची, डोळ्यांत खुपणारी नवी वस्तूच असली पाहिजे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना 'रे मार्केट' हे नाव जाऊन 'महात्मा फुले मंडई' हे नाव आले. ज्या इमारतीस त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव मिळाले! हा योग मोठा चमत्कारिक खरा. पण ज्या बाजारात माळी, कुणबी, बागवान पहाटेपासून राबतात, त्या बाजारास दुसरे कोणते नाव अधिक शोभले असते हेही सांगणे कठीण आहे.

मंडईच्या आवारातील लोकमान्यांचा पुतळा १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते उघडला गेला. पुतळ्याभोवती सभा होत, निवडणुकींचे फड रंगत, आणि शाळेचे तोंड न पाहिलेली माणसे तेथे राजकारणाचा असा कीस पाडीत की लोकांनी त्या जागेस 'मंडई विद्यापीठ' अशी पदवीच देऊन टाकली. माझे सासरे रोज सकाळी पिशवी घेऊन भाजीस जात ते तासाभराने परत येत. पिशवीत एक कोथिंबिरीची जुडी असे आणि तोंडात तीन पक्षांच्या बातम्या असत. सासूबाई म्हणत, "विद्यापीठाची सुट्टी झाली वाटतं."

आता वाड्याविषयी. आमचा वाडा नामांकित सरदाराचा नव्हे. दोन चौकी, एका माडीचा, सागवानी खांबांचा, बाहेरून पाहणाऱ्यास ओळखूही न येणारा असा तो आहे. दिंडीतून आत आले की देवडी, देवडीतून पहिला चौक, चौकाच्या तिन्ही बाजूंस ओसरी. मागल्या चौकात आड, हौद आणि तुळशीवृंदावन. खोल्यांचे माप आमच्याकडे अजूनही खणांवर चालते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण; कोणाचे बिऱ्हाड दोन खणी, कोणाचे तीन खणी. मी आले तेव्हा मालकांची म्हणजे आमची चार चुली आणि बिऱ्हाडकरूंच्या नऊ, अशा तेरा चुली या वाड्यात पेटत. छापखान्यातील जुळारी, शाळामास्तर, तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानी हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, एक सुईण, असा आमचा शेजार होता.

चौक कोणाचाच नव्हता आणि म्हणून सर्वांचा होता. पहाटे पाण्याची रांग, त्यानंतर धुणी, दुपारी वाळवणे. उन्हाळ्यात एका घरच्या कुरडया दुसऱ्या घरच्या पापडांस खेटून वाळत आणि राखणीस कोणाची तरी आजी काठी घेऊन बसे. संध्याकाळी तेथेच परवचा होई. बाळंतीण, आजारी, म्हातारे यांच्या खोल्या मुद्दाम खालच्या मजल्यावर असत, कारण चौकातून जाणारे-येणारे प्रत्येक माणूस तेथे क्षणभर थांबे. माझा थोरला मुलगा दीड वर्षाचा असताना आडाच्या काठापर्यंत रांगत गेला होता. त्यास उचलून आणले ते जुळारी काकांनी. मला ते कळले दुसऱ्या दिवशी, तेही दुसऱ्याच कोणाकडून.

तथापि चौकाचे गोडवे गाताना अर्धेच सांगणे हे लबाडीचे होईल. माजघरात दिवसाही दिवा लावावा लागे. नऊ बिऱ्हाडांत शौचकूप दोन. कोणाच्या घरी काय शिजले, कोण रुसले, कोणाची सून माहेरी गेली ती परत आली की नाही, हे सर्वांस ठाऊक असे, आणि ते ठाऊक असण्याची किंमत बहुधा बायकांनाच द्यावी लागे. शिवाय 'चौक सर्वांचा' असे मी वर लिहिले, त्या 'सर्वां'त कोणाची गणना होत असे? आमच्या आडावर वाड्याबाहेरील कोणत्या जातीच्या माणसाने घागर भरली असती तर मागच्या पिढीने ते सोसले असते काय? येथून थोड्याच अंतरावर, गंज पेठेत, जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ती गोष्ट आम्ही शाळेत शिकलो. आमच्या हौदाशी तिचा काही संबंध असेल, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

वाडे मोडकळीस आले ते कशाने? आमच्या घरात याचे उत्तर एका शब्दात मिळे : 'भाडेकायद्याने'. ते सर्वस्वी खोटे नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण मानून गोठविले. युद्धानंतरच्या घरटंचाईच्या काळात गरीब बिऱ्हाडकरूस रस्त्यावर येऊ न देणारा तो कायदा आवश्यकच होता. परंतु दोन-पाच वर्षांसाठी घातलेली ती वेसण अर्धे शतक तशीच राहिली. शेवटी १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेच हे गोठविणे आता समंजसपणाचे उरले नाही, असे म्हटले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने दरवर्षी शेकडा ४ टक्के वाढ घेण्याची मुभा दिली. आमच्या खालच्या दोन खणी बिऱ्हाडाचे भाडे ११ रुपये. शेकडा ४ म्हणजे पहिल्या वर्षी ४४ पैसे! कौले चाळावयास चार माणसे लावली तर एका दिवसाच्या मजुरीत सबंध वाड्याचे वर्षाचे भाडे संपून जाई. मालक म्हणत, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करावी? बिऱ्हाडकरू म्हणत, दुसऱ्याच्या भिंतीवर आम्ही का खर्च करावा? दोघांचेही म्हणणे बरोबर, आणि मधल्या मध्ये पाणी मुरते तुळयांत.

एवढे सांगून आमच्या घरचे लोक थांबत असत. मला त्यापुढचे सांगावयाचे आहे. भाडे कमी म्हणून दुरुस्ती झाली नाही, हे निम्मे सत्य. उरलेले निम्मे असे की, वाडा राहण्याजोगा उरला नाही म्हणजे बिऱ्हाडे आपण होऊन जातील, ही आशा आमच्या मनात होती. ती कोणी बोलून दाखविली नाही. गळणाऱ्या पन्हळीकडे बोट दाखविले की सासरे "पाहू" म्हणत, आणि त्या 'पाहू'चा अर्थ लहान मुलांसही कळत असे. बिऱ्हाडे गेलीही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांतील वाडे पडले आणि तेथील माणसे शहराबाहेर नव्या वसाहतींत गेली. आमच्याकडे पूर पोहोचला नाही. आमच्याकडची माणसे हळूहळू, एकेक करून गेली. मुलगा नोकरीस लागला की कोथरूडला किंवा सहकारनगरला 'ब्लॉक' घ्यावयाचा आणि आईबापांस घेऊन जावयाचे. आमच्या स्वतःच्या चार चुलींपैकीही दोन अशाच गेल्या. पुढे एका श्रावणात मागल्या चौकाची पश्चिमेकडील भिंत ढासळली. सुदैवाने त्या खोलीत कोणी नव्हते. तेव्हापासून दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महानगरपालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दिंडीवर चिकटविली जाते आणि भाद्रपदापर्यंत पावसाने धुऊन जाते.

मंडईदेखील या काळात पालटली. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, आणि पहाटेच्या बैलगाड्या, मागून आलेल्या मालमोटारी, हमालांच्या आरोळ्या हे सर्व थांबले. राहिले ते ओट्यावरचे किरकोळ विक्रेते, बुरुड आळीतील सुपे-टोपल्या आणि सणासुदीची गर्दी. अलीकडे मेट्रोचे काम सुरू झाले तेव्हा मंडईचे आवार पत्र्यांनी वेढले गेले. मुठा नदीच्या आणि पेठांच्या पोटातून बोगदे गेले. खाली यंत्र चालले आहे या कल्पनेने भाऊजी रात्री उठून भिंतीवरच्या भेगा पाहत. एका भेगेच्या दोन्ही अंगांस त्यांनी पेन्सिलीने खुणा करून ठेविल्या होत्या. भेग काही वाढली नाही. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईस स्थानक मिळाले. कोथरूडला गेलेली आमची पुतणी आता गाडी लावावयास जागा नाही ही सबब सांगू शकत नाही. ती दर रविवारी येते आणि आठवड्याची भाजी घेऊन जाते.

हिचाच धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पॅरिस येथे राहतो. मंडईखाली स्थानक झाल्याचे त्यास कळविले तेव्हा त्याने तिकडची एक हकीकत लिहून पाठविली. पॅरिसच्या मध्यभागी 'ले आल' नावाची अशीच एक मोठी मंडई होती. १९६९ साली ती शहराबाहेर रंजीस येथे हलविली. लोखंडाचे व काचेचे तिचे सुंदर मंडप १९७१ पासून पाडण्यात आले. त्या जागी कित्येक वर्षे नुसता खड्डा होता. मग १९७७ साली त्यात भुयारी स्थानक आले आणि त्यावर दुकानांचा बाजार. एक मंडप तेवढा उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेविला आहे म्हणतात. लंडनने आपल्या कॉव्हेंट गार्डनच्या बाबतीत निराळे केले. भाजीबाजार १९७४ साली नदीपलीकडे गेला, इमारती मात्र राखल्या. आज तेथे प्रवासी हिंडतात, शोभेच्या वस्तू घेतात. भाजी मिळत नाही. आमची मंडई उभी आहे, तिच्याखाली आगगाडी धावते आहे, आणि तीत अजून मेथीची जुडी मिळते. हे भाग्य लहान नव्हे. पण पत्राच्या शेवटी त्याने जे लिहिले त्याने मी अधिक विचारात पडले. इटलीतील बोलोन्या शहराने १९७३ साली आपल्या जुन्या वस्तीची डागडुजी काढली तेव्हा घरांबरोबर त्यांत राहणारी साधी माणसेही तेथेच राहावीत, अशी योजना आखली होती. "काकू," त्याने विचारले होते, "आपल्या वाड्यातील माणसांचे काय ठरले आहे?"

आपल्या वाड्यात आता उरलेली बिऱ्हाडे तीन. त्यांपैकी दोघांची तरुण मुले कर्ती आहेत. कागदपत्र त्यांस समजतात. तिसरे बिऱ्हाड खालच्या दोन खणी जागेतील जुळारी काकांचे. काका १९८८ साली वारले. मूलबाळ नाही. काकू आता शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मेतकूट, भाजणी करून विकीत. आता हात चालत नाही म्हणून ते सोडले, तरी सकाळी मंडईत जाऊन दोन टोमॅटो घासाघीस करून आणण्याचे सोडलेले नाही.

नवी इमारत बांधणाऱ्यांचा माणूस मापे घेण्यास आला तो मुलगा सालस होता. प्रत्येक खोलीत आला, हातातल्या यंत्राने क्षणात लांबीरुंदी मोजली आणि 'चटईक्षेत्र' म्हणून आकडा लिहून घेतला. चौकात आल्यावर त्याने वर पाहिले व विचारले, "आजी, हे मोकळंच आहे ना?" होय म्हणताच त्याने तो भाग सोडून दिला. त्यात त्याचा दोष काय? चौकास छप्पर नाही, म्हणून क्षेत्रफळ नाही. क्षेत्रफळ नाही, म्हणून त्याच्या मोबदल्यात कोणास काही मिळावयाचे नाही. त्यानंतर तयार झालेली बिऱ्हाडकरूंची यादी आमच्याकडे आली. तीत नावे दोन होती. काकूंच्या खोलीपुढे 'मूळ भाडेकरू मयत, वारस नोंद नाही' असे लिहिले होते.

ही नोंद का नव्हती ते मला ठाऊक होते, आणि तीच या लेखातील सांगण्यास जड जाणारी गोष्ट आहे. काका गेल्यावर पहिल्या महिन्यात काकू नेहमीप्रमाणे ११ रुपये घेऊन आल्या. सासऱ्यांनी ते घेतले नाहीत. पावती त्यांच्या नावाने दिली तर त्यांचा हक्क मान्य केल्यासारखे होईल, असा सल्ला त्यांस कोणीतरी दिला होता. वस्तुतः भाडेकरूच्या मृत्युसमयी त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबीयास ती जागा पुढे मिळते, हे १९४७ च्या कायद्यातही होते आणि १९९९ च्या कायद्यातही आहे. काकूंस कायदा माहीत नव्हता. पण जुळाऱ्याची बायको, कागदाची किंमत जाणणारी. त्यांनी दुसऱ्या महिन्यापासून मनिऑर्डर करण्यास आरंभ केला. एकाच वाड्यातील खालच्या खोलीतून वरच्या माडीवर मनिऑर्डर! टपालवाला जिना चढून येई, दारात मी असे, आणि "घेत नाही म्हणून सांग" हा आतला निरोप मी त्यास सांगे. असे एक-दोनदा नव्हे, अकरा वर्षे चालले. संध्याकाळी त्याच काकू चौकात मला भाजणीचे प्रमाण सांगत असत, आणि मी ते लिहून घेत असे. १९९९ साली सासरे वारले. पुढे यजमानांनी भाडे हातोहात घेण्यास सुरुवात केली, पण पावती नाही ती नाहीच. त्या गोष्टीचा मी तेव्हा विचार केला नाही, असे म्हणता येणार नाही. केला आणि गप्प बसले.

यादी आल्यानंतर घरातील सर्व शाखांची बैठक दिवाणखान्यात झाली. पुतण्याने सरळ हिशेब मांडला. काकूंस एकरकमी पैसे द्यावेत, त्यांच्या भाच्याकडे किंवा एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात त्यांची सोय पाहावी. त्यांच्या जागेचे क्षेत्र मोकळे झाले की आपल्या चारही घरांस थोडी थोडी वाढ मिळेल. त्यास दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, घरात दोन मुली आहेत, आणि काकू चार वर्षे जगतील की दहा, हा प्रश्न त्याने मोठ्याने विचारला एवढेच. इतरांनी तो मनातल्या मनात विचारला होता. भाऊजी म्हणाले, "मतदारांच्या यादीत नाव आहे, शिधापत्रिका आहे, त्यांना काढायचं कसं?" त्यावर पुतण्या म्हणाला, "काका, त्यावरून त्या इथे राहतात एवढंच ठरतं. भाडेकरू म्हणून राहतात की आपल्या मेहरबानीनं, ते नाही ठरत." मुद्दा बिनतोड होता. त्यावर कोणास काही सुचेना.

मी उठून खाली गेले आणि काकूंस विचारले, "काकू, त्या मनिऑर्डरी परत यायच्या, त्यांचे कागद तुम्ही काय केलेत?" त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा दाखविला. आत वर्षावार सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. प्रत्येक पावतीस परत आलेला कागद टाचलेला, त्यावर खोलीचा पत्ता, 'भाड्याबद्दल' असा उल्लेख आणि टपालवाल्याच्या हातचा 'घेण्यास नकार' हा शेरा. मेहरबानीने राहणारी बाई अकरा वर्षे भाडे पाठवीत नाही. आम्ही ज्या उपायाने त्यांचा हक्क नाहीसा करू पाहिला त्याच उपायाने तो महिन्याच्या महिन्याला लिहून ठेविला गेला होता. डबा मी वर नेला. पुतण्याने चार-पाच कागद पाहिले, तारखा पाहिल्या आणि म्हणाला, "काकू, दारात कोण असायचं हो?" मी म्हटले, "मी."

त्यानंतरचे काम लवकर झाले. यादीत तिसरे नाव घातले गेले. जुन्या बिऱ्हाडकरूंच्या पुनर्वसनासाठी नियमाप्रमाणे वाढीव बांधकाम मिळते, त्यामुळे आमचा तोटा समजला होता तेवढा नव्हता, हेही वास्तुविशारदाने समजावून दिले. हे आधीच विचारले असते तर बैठकीतील निम्मे बोलणे वाचले असते. वाडा उतरविण्यास निघालेल्या कुटुंबांस माझी एवढीच सूचना आहे की, माप घेणाऱ्यास बोलाविण्यापूर्वी आपल्या पावतीपुस्तकांतून कोण वगळले गेले आहे आणि का, हे घरच्यांनी एकदा बसून पाहावे. नवऱ्याच्या नावावर राहणाऱ्या विधवा, आत्याबाई, घरीच राहिलेली अविवाहित नणंद, अशांची नावे कागदावर क्वचितच असतात. आणि केवळ बिऱ्हाडकरूंच्याच बाबतीत हे होते असे नाही. मालकांच्या सातबारावर व वारसपत्रांवरही लेकींची नावे कशी गळतात हे वाचकभगिनींस मी सांगावयास नको.

चौकाविषयी मात्र आम्हांस हवे तसे यश आले नाही. पेठांतील जागा अरुंद आणि खोल. दोन वाड्यांची भिंत सामाईक. बाजूस सोडावयाची जागा सोडून, तळमजला मोटारी व दुकाने यांस देऊन, वर घरे काढावयाची, त्यात चौक कोठे बसावा? शेजारच्या वाड्याने आमच्याबरोबर जागा एकत्र केली असती तर मध्ये मोकळा भाग सुटला असता असे वास्तुविशारद म्हणतात. शेजारी सात वारसदार आहेत, त्यांपैकी दोन परदेशी. उत्तर आलेले नाही. करारनाम्यात तूर्त एवढे लिहून घेतले आहे की, लिफ्टच्या मागील बाजूस दहा फूट रुंदीची जागा मोटारींस न देता मोकळी ठेवावी, तेथे नळ व बसण्यास कट्टा असावा, आणि वाड्याचे जुने दगडी तळखडे त्या कट्ट्यास वापरावेत. पहिल्या मसुद्यात हे कलम नव्हते. दुसऱ्यात आले ते 'शक्य झाल्यास' या शब्दांसह. ते दोन शब्द काढून टाकावेत म्हणून मसुदा परत पाठविला आहे.

काकूंची जागा चौथ्या मजल्यावर निघते. खाली राहण्याची सवय झालेल्या बाईस तेथे कोण जाता-येता डोकावणार, या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नाही. त्यांच्या शेजारचे घर आमचे असावे एवढी मागणी आम्ही केली आणि ती मान्य झाली. बांधकाम चालू असताना दोन-अडीच वर्षे आम्ही सर्वजण भाड्याच्या घरांत राहणार. काकूंसाठी याच पेठेत एक खोली पाहिली आहे. मंडई चालत जाण्याच्या अंतरावर असली पाहिजे, ही त्यांची एकच अट होती.

परवा डबा परत करण्यास गेले तेव्हा काकूंनी तो उघडून गठ्ठे मोजले, पुन्हा फळीवर ठेविला आणि उशीखालून पैसे काढून माझ्या हाती दिले. "दिवाळीपर्यंतचं भाडं आहे, वहिनी," त्या म्हणाल्या, "आता पावती द्या." मी वर जाऊन कपाटातील पावतीपुस्तक शोधून काढले. काकांच्या नावाची शेवटची पावती १९८८ ची होती. तिच्यापुढचे पान कोरे होते. त्यावर मी काकूंचे नाव लिहिले, तारीख घातली, सही केली आणि पावती फाडून खाली नेऊन दिली.